तेवीस पुस्तकांच्या यादीवर सही करू का?

प्रश्न:

ताई, नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. मी मूळची सांगलीची. मुलगी तेरा वर्षांची, इथे आठवीत आहे. वाचनाचं वेड आहे तिला. गेल्या महिन्यात तिच्या दप्तरातून डबा काढताना शाळेच्या लायब्ररीचं एक पुस्तक हाती आलं, चित्रांतून सांगितलेली कादंबरी. सहज चाळलं. मधल्या चार पानांवर नायिकेच्या घरी येणारा-जाणारा एक नातेवाईक तिच्याशी जे करतो ते होतं. उघडं चित्र नाही, पण काय चाललंय ते कळतं. शिव्याही आहेत. माझे हातपाय गार पडले. त्या पानांचे फोटो काढून मी रविवारच्या मराठी शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या मैत्रिणीला पाठवले, "तुला काय वाटतं?" म्हणून. तिने ते पालकांच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवसांत तिथे एक फॉर्म फिरायला लागला: आमच्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका कारभाराखालच्या इथल्या सगळ्या सरकारी शाळांमधून तेवीस पुस्तकं काढून टाका. पहिलं नाव या पुस्तकाचं, खाली माझेच फोटो. बाकीच्या बावीस पुस्तकांबद्दल मला काहीच माहीत नाही. यादी कुठल्याशा अमेरिकन पालकांच्या गटाकडून आली म्हणतात.

आता रोज मेसेज येतो, "तू अजून सही नाही केलीस? सुरुवात तर तुझ्यापासूनच झाली." मैत्रीण म्हणते, आपल्याकडे शाळेत असलं काही नव्हतं म्हणून आपण सरळ वाढलो. नवरा म्हणतो, आपण व्हिसावर आहोत, कशावरही सही करू नकोस. फोटोंचं मुलीला वर्गातल्या एका मुलाकडून कळलं. ती भांडली नाही. पुस्तक परत करून आली आणि तेव्हापासून घरी एकही पुस्तक आणलेलं नाही. विचारलं तर म्हणते, शाळेतच वाचून होतं.

ते पुस्तक तिच्या हातात मला नको होतं, हे खरं आहे. पण सही करायला हात धजत नाही. मी भित्री आहे का? पुस्तकाचं नाव कृपया छापू नका.

– एक आई, टेक्सास

उत्तर:

नाव छापत नाही. छापलं असतं तर हा मजकूर त्या पुस्तकावरचा खटला होऊन बसला असता, आणि ते पुस्तक मी वाचलेलं नाही. तुम्हीही चारच पानं वाचली आहेत.

सही करू नका. भित्र्या आहात की नाही ते राहू द्या. तुमचा हात अडतोय तो योग्य जागी अडतोय. तुम्हाला एक पुस्तक एका मुलीच्या हातात नको होतं. फॉर्म म्हणतो, तेवीस पुस्तकं कुणाच्याच मुलाच्या हातात नकोत. या दोन मागण्यांमध्ये फार मोठं अंतर आहे, आणि फोटो पाठवल्यापासून फॉर्म येईपर्यंतच्या दोन दिवसांत ते अंतर कुणी तुम्हाला न विचारताच कापून टाकलं.

गंमत अशी की तुम्हाला जे हवं होतं, ते टेक्सासच्या कायद्याने तुम्हाला आधीच दिलेलं आहे. २०२५च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या सिनेट बिल १३ मध्ये पालकांसाठी सोय आहे: अमुक पुस्तकं माझ्या मुलीला घरी नेऊ देऊ नका, अशी यादी तुम्ही शाळेला देऊ शकता. एक पुस्तक लिहा नाहीतर पन्नास, प्रश्न फक्त तुमच्या मुलीपुरता राहतो. त्यासाठी ना फॉर्म फिरवावा लागतो, ना ग्रुपवर कुणाला टोचावं लागतं. सही मागणाऱ्यांपैकी किती जणींनी हा साधा अर्ज आपल्या मुलासाठी केला आहे, हे विचारून बघा. मला उत्तराची उत्सुकता आहे.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही समजून घ्या. पुस्तकावर रीतसर हरकत दाखल झाली की निर्णय लागेपर्यंत ते मुलांना मिळत नाही. म्हणजे "निदान चौकशी तरी होऊ दे" म्हणून केलेली हरकत त्या दिवसापासूनच बंदीसारखी लागू होते. नंतर पुस्तक तपासणाऱ्या समितीने ते निर्दोष ठरवलं तरी मधले महिने गेलेले असतात, आणि आठवीतली मुलगी नववीत जाऊन बसलेली असते. तेवीस पुस्तकांवर एकदम हरकत आली तर ती वाचणार कोण? समितीवरचे पालक नोकऱ्या सांभाळून हे काम करतात. पाचसात हजार पानं वाचायची म्हणजे चेष्टा नाही. मग होतं काय, तर फॉर्मला चिकटवलेली चार-चार पानं तेवढी वाचली जातात.

कोर्टाकडून काही अपेक्षा असेल तर तीही सांगून टाकते. १९८२ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका स्कूल बोर्डाविरुद्ध, म्हणजे शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळाविरुद्ध, स्टीव्हन पिको नावाच्या विद्यार्थ्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक काढता येणार नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. पण न्यायाधीशांचं नीट बहुमत त्या कारणमीमांसेमागे नव्हतं, त्यामुळे हा निकाल पहिल्यापासून जरा लंगडाच. टेक्सास ज्या अपील न्यायालयाखाली येतं, त्याने तर मे २०२५ मध्ये टेक्सासमधल्याच लॅनो काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या प्रकरणात सांगून टाकलं की वाचनालयात काय ठेवायचं हा सरकारचाच अधिकार, वाचकाला त्यावर घटनेचा आधार घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला डिसेंबरमध्ये नकार दिला. हेच तुम्ही न्यू जर्सीत असतात तर चित्र वेगळं असतं. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये शाळांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांना संरक्षण देणारा कायदा झाला. तुमच्याकडे मात्र स्कूल बोर्डाने एकदा पुस्तक काढलं की ते परत आणायला वरून कुणी येणार नाही. म्हणून तुमच्या सहीचं वजन न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या सहीपेक्षा जास्त आहे.

लॅनो काउंटीतून काढलेली पुस्तकं सतरा होती. त्यांत लहान मुलांची पादण्यावरची विनोदी पुस्तकंही होती (हो, खरंच), कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा इतिहास होता आणि इझाबेल विल्करसन यांचं 'कास्ट' होतं. ज्या पुस्तकात अमेरिकेतल्या वर्णभेदाची मांडणी भारतातल्या जातिव्यवस्थेशी जोडून केली आहे, जिथे बाबासाहेब आंबेडकर भेटतात, तेच हे. तुमच्या बावीस पुस्तकांत काय आहे ते मला ठाऊक नाही. पण अशा याद्या गावोगाव फिरतात, आणि एका पानामुळे धक्का बसलेली आई आपली सही अशा पुस्तकाखाली करून बसते ज्यात तिच्याच माणसांची गोष्ट असते. बावीस नावं उतरवून घ्या आणि प्रत्येक पुस्तक कशाबद्दल आहे ते शोधा. तासाभराचं काम आहे.

याद्या गावोगाव फिरतात हे मी हवेत बोलत नाही. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ या शाळेच्या वर्षातल्या हजाराहून अधिक तक्रारी मिळवून तपासल्या होत्या. त्यांतल्या साठ टक्के तक्रारी अकरा माणसांनी केलेल्या निघाल्या. अकरा! आपण समजतो समाज खवळलाय. प्रत्यक्षात काही जण चिकाटीने फॉर्म भरत असतात, आणि त्यांना हवी असते ती तुमच्यासारखी खरी, घाबरलेली, स्थानिक आई. तुमचे फोटो त्यांच्या फार कामाचे आहेत. उलट बाजूने मोजणारेही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ मध्ये शाळांतल्या १०,०४६ बंदीच्या घटना मोजल्या. त्यात चौकशीपुरतं कपाटात ठेवलेलं किंवा वयाची अट घातलेलं पुस्तकही बंदी म्हणून धरलं जातं. आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं. तरीही दहा हजार हा आकडा सोडून देण्यासारखा नाही.

तुमच्याच भागातली गोष्ट सांगते. ऑक्टोबर २०२१. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी. तिथल्या डिस्ट्रिक्टने जेरी क्राफ्ट या कृष्णवर्णीय चित्रकार-लेखकाला शाळांशी ऑनलाइन गप्पा मारायला बोलावलं होतं. त्याच्या 'न्यू किड' या पुस्तकाला आदल्या वर्षी न्यूबेरी पदक, अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं होतं. चित्रकादंबरीला ते पदक मिळायची ती पहिलीच वेळ. गोष्ट साधी आहे: न्यूयॉर्कमधला सातवीतला एक काळा मुलगा श्रीमंत गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेत जातो आणि तिथे सगळे त्याच्याशी चांगलं वागायच्या नादात त्याला रोज थोडं थोडं परकं करतात. शिक्षक त्याचं नाव चुकवतात, दुसऱ्या काळ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तुमच्या मुलीचं नाव रोज हजेरीला मोडतोड होऊन येत असेल तर तिला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही. तर, काही पालकांनी अर्ज काढला की हे पुस्तक गोऱ्या मुलांच्या मनात अपराधीपणा भरतं. चारशेहून अधिक सह्या झाल्या. भेट पुढे ढकलली, पुस्तक लायब्ररीतून उचललं. मग समितीने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्यात काहीच सापडलं नाही. त्याच महिन्यात पुस्तक परत आलं, लेखकाशी गप्पाही झाल्या. त्या चारशेंपैकी किती जणांनी पुस्तक वाचलं होतं कोण जाणे. त्यांतल्या कुणीही दुष्ट नव्हतं असं मी धरून चालते. कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट बघून त्यांना धक्का बसला आणि त्यांनी सही केली, इतकंच. आज तो अर्ज चुकून निघाला असता तर नव्या कायद्याखाली ते पुस्तक इतक्या झटपट परत आलं असतं का, याची मला शंका आहे.

सुटं पान दाखवून काहीही सिद्ध करता येतं, हे एकदा मनावर घ्या. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या बोर्डाने दहा विरुद्ध शून्य मतांनी आठवीच्या अभ्यासक्रमातून 'माउस' काढलं. आर्ट स्पीगलमनच्या आईवडिलांनी हिटलरच्या छळछावण्यांत जे भोगलं त्याची ती चित्रकथा आहे. ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं. पुलित्झर मिळालेलं पुस्तक. हरकत मुख्यतः कशावर होती? आठ शिवराळ शब्दांवर आणि एका लहानशा नग्न चित्रावर. ते चित्र आहे लेखकाच्या आईचं, तिने आत्महत्या केली त्या प्रसंगातलं. त्याच वर्षाच्या शेवटी युटामध्ये एका पालकाने याच मापाने चक्क बायबलवर तक्रार ठोकली. नव्या कायद्याची व्याख्या लावली तर यातही अश्लील मजकूर आहेच की, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वर्षी डेव्हिस काउंटीतल्या प्राथमिक आणि मिडल स्कूलमधून बायबल खरोखर काढलं गेलं, मग आरडाओरडा झाला, मग परत ठेवलं. आता मनातल्या मनात महाभारताचं पुस्तक उघडा. वस्त्रहरण, कीचकवध, नियोग, अश्वत्थाम्याने झोपलेल्या पोरांच्या केलेल्या कत्तली. पिवळा मार्कर घेऊन चार पानांचे फोटो काढायला किती वेळ लागेल? आणि ते फोटो तुमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डासमोर एखाद्याने मोठ्याने वाचून दाखवले, तर तुमची मैत्रीण काय म्हणेल? "अहो, पण तुम्ही संदर्भ सोडून वाचताय." अगदी बरोबर म्हणेल.

मैत्रिणीच्या "आपल्याकडे असलं काही नव्हतं" याबद्दलही बोलू. नव्हतं ते खरंच, कारण नको म्हणणारे आपल्याकडेही कमी नव्हते. २००७ साली महाराष्ट्रात किशोरवयीन मुलांसाठीचं लैंगिक शिक्षण शाळांमध्ये यायला निघालं, तेव्हा संस्कृती बुडते म्हणून विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारने तो कार्यक्रम थांबवला. त्याच्याही खूप आधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचक लाजत लाजत शरीराचे प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला भरला गेला. वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. प्रश्नोत्तराचं सदर लिहिणाऱ्या बाईला या गोष्टीची आठवण राहणारच. आणि "आपण सरळ वाढलो" हे म्हणणं मैत्रिणीपुरतं खरं असेल, तर आनंद आहे. पण सांगलीच्या शाळेत तुमच्या वर्गात चाळीस मुली असतील. काकाच्या, मावसभावाच्या, शिकवणीच्या सरांच्या बाबतीत तोंड दाबून बसलेल्या त्यांतल्या किती होत्या, ते ना तिला माहीत ना तुम्हाला. त्यांच्याकडे सांगायला शब्दच नव्हते.

यापुढचं जरा सावकाश वाचा. तुम्हाला ज्या चार पानांनी धडकी भरली, त्यांत एक घरचाच माणूस मुलीशी वाईट वागतो. लहान मुलांशी असं करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस क्वचित. तेरा वर्षांच्या मुलीला हे कळू नये असं तुम्हाला वाटतं की तिला ते एकटीने कळू नये असं वाटतं? मला तुमच्या पत्रातून दुसरं ऐकू येतं. तसं असेल तर पुस्तक काढून टाकून तुमच्या हाती काही लागणार नाही. पुस्तकातल्या मुलीचं पुढे काय होतं, ती कुणाला सांगते, कोण तिच्यावर विश्वास ठेवतं, तो माणूस सुटतो का, हे तुम्हाला माहीतच नाही. चार पानांवर थांबलात. तुमच्या लेकीला कदाचित माहीत आहे.

त्यामुळे पहिलं काम: पुस्तक पूर्ण वाचा. चित्रकादंबरी आहे, दोन संध्याकाळी पुरतील. शाळेतून मागवू नका. त्या प्रतीभोवती आता तमाशा झालाय. सार्वजनिक वाचनालयातून तुमच्या कार्डावर आणा आणि घरात उघड्यावर ठेवा, उशीखाली नको. वाचून झाल्यावरही वाटू शकतं की हे तेराव्या वर्षी नको होतं, दोन वर्षांनी चाललं असतं. असं वाटणं मागासलेपणाचं लक्षण नाही. वयाचा प्रश्न खरा असतो. पहिलीतल्या मुलाला चालेल ते आणि आठवीतल्याला चालेल ते वेगळं, आणि लायब्ररियनही रोज तेच ठरवत असतात. तेव्हा तुमच्या मुलीपुरतं नाव शाळेकडे द्या. पण ते तिला सांगून द्या. तिच्या पाठीमागे दिलंत तर कॅटलॉगमध्ये पुस्तक अडलेलं तिला दिसेलच, आणि मग शाळेतच वाचून होतं हे तिचं उत्तर कायमचं पक्कं होईल. तसंही घरी न्यायला बंदी असली तरी लायब्ररीत बसून ती वाचू शकते.

हेच पुस्तक वर्गात सगळ्यांना सक्तीने वाचायला लावलं असतं तर माझं उत्तर थोडं बदललं असतं. तेव्हा शिक्षकांकडे दुसरं पुस्तक मागणं रास्त आहे, आणि बहुतेक शाळा देतात. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतल्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीनने हेच मिळवलं: समलिंगी पात्रांच्या गोष्टी वर्गात वाचल्या जातील तेव्हा धार्मिक कारणासाठी आपल्या मुलांना बाजूला ठेवायची मुभा. मला त्या निकालाचा सूर आवडला नाही. एका शिक्षिकेने तीस मुलांच्या तीस मुभा कशा सांभाळायच्या? तरीही एवढं दिसतंच की तिथल्या पालकांनी मागितलं ते आपल्या मुलांपुरतं. तुमच्या ग्रुपवरचा फॉर्म त्याच्याही पुढे गेला आहे.

आता मुलगी. तिने भांडण केलं नाही म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. पुस्तकं घरी येणं थांबलं हेच तिचं भांडण आहे. तिच्या दृष्टीने काय झालं बघा. तिच्या दप्तरातलं पुस्तक, त्याच्या पानांचे फोटो, आणि ते तिला वर्गातल्या मुलाच्या तोंडून कळले. आठवीत! पुस्तकातल्या मजकुरापेक्षा याची लाज तिला शंभर पटींनी जास्त वाटली असणार. आधी त्याबद्दल बोला. गाडीत बोला, समोरासमोर बसवून नको. दोघींची नजर रस्त्यावर असली की मुली बोलतात. "ते फोटो पुढे गेले ते माझ्या हातून निसटलं, तुला वर्गात ऐकावं लागलं याचं मला वाईट वाटतं" इतकंच. समर्थन देऊ नका, "पण तूसुद्धा" म्हणू नका. पुस्तकाचा विषय त्याच दिवशी काढायची गरज नाही. तुम्ही ते वाचताय हे तिला घरात दिसू दे, तीच येईल.

आली की विचारायचं ते मोकळं विचारा: तुला कुठलं पात्र आवडलं, शेवट पटला का. "तू हे का घेतलंस?" हा प्रश्न टाळा. बहुधा मैत्रिणीने चांगलं आहे म्हटलं म्हणून घेतलं असेल, किंवा मुखपृष्ठ आवडलं म्हणून. क्वचित एखादी मुलगी असं पुस्तक यासाठी घेते की तिला किंवा तिच्या जवळच्या कुणाला तसं काही सोसावं लागलंय. तुमच्या बाबतीत तसं असेल असं मी मुळीच सुचवत नाही. पण दार उघडं ठेवायचं ते या एका शक्यतेसाठी. कुठल्याही सणाला, कुठल्याही पॉटलकला, कुणीही, अगदी कितीही जवळचा माणूस असला तरी, तुला नकोसं वाटेल असं वागला तर मला सांग, मी आधी तुझं ऐकेन. हे वाक्य या निमित्ताने एकदा स्पष्ट मराठीत म्हणून टाका. ज्या पानांनी तुम्हाला घाबरवलं त्यांनीच ही संधी दिली आहे.

मैत्रिणीला ग्रुपवर उत्तर देऊ नका, फोन करा. उद्देश वाईट नव्हता तिचा, पण तुमची खासगी विचारणा तिने चव्हाट्यावर नेली हे तिला कळायला हवं. फोनवर जमत नसेल तर असं लिहा: "फोटो मी फक्त तुझं मत विचारायला पाठवले होते. ते फॉर्मवरून आणि ग्रुपवरून आजच काढ. मी पुस्तक पूर्ण वाचतेय, त्याआधी कशावरच सही करणार नाही. बाकीच्या बावीसपैकी तू कुठली वाचली आहेस ते सांग, मला त्यातलं एखादं दे." शेवटच्या वाक्यानंतर बराच वेळ उत्तर येणार नाही. रविवारी मराठी शाळेत मात्र नेहमीसारखं शेजारी बसून मुलांची बाराखडी घ्या. एका फॉर्मपायी मैत्री मोडू नये, आणि ती मोडणारही नाही.

तुमच्या यजमानांची भीती अगदीच निराधार म्हणणार नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. पालक म्हणून शाळेशी बोलायचा हक्क नागरिकत्वावर अवलंबून नाही. मुलगी त्या शाळेत शिकते, तेवढं पुरेसं. नागरिक नसल्यामुळे तुम्हाला स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही, एवढं खरं. एक मात्र त्यांना सांगा, की असा अर्ज डिस्ट्रिक्टकडे गेला की तो सरकारी कागद होतो आणि कुणीही मागवून बघू शकतं. तेवीस पुस्तकांखाली तुमचं नाव पुढची कैक वर्षं तसंच राहील.

सगळं वाचूनही त्या एका पुस्तकावर तुमची खरीच हरकत उरली, तर ती तुमच्या नावाने, एकट्या पुस्तकापुरती करा. आधी लायब्ररियनला जाऊन भेटा. ते पुस्तक का घेतलं, कुठल्या इयत्तांसाठी घेतलं ते विचारा. पुष्कळ वेळा ते नववीच्या पुढच्या कपाटात हलवण्याइतक्यावर प्रश्न मिटतो. नाही मिटला तर रीतसर अर्ज आहेच. "पूर्ण पुस्तक वाचलं आहे का?" असा प्रश्न पुष्कळ अर्जांत असतो, नसला तरी तुम्ही स्वतःहून लिहा, आणि कुठल्या पानावर काय आहे आणि पुढे त्याचं काय होतं, हे दोन्ही लिहा.

आणि फॉर्म बोर्डापर्यंत गेलाच तर सभेला जा. पालकांना बोलायला वेळ मिळतो, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि मिनिटं दोन-तीनच असतात. काय बोलायचं ते आदल्या रात्री मराठीत लिहून काढा, मग इंग्रजीत करा. फोटो तुमचे होते, सही तुमची नाही, आणि पुस्तक तुम्ही वाचलं आहे, या तीन गोष्टी त्यात आल्या की पुरे. मुलीला यायचं असेल तर येऊ द्या. तिला बोलायचं असेल तर तिचं नाव वेगळं नोंदवा.